ओढ्यापल्याड काय न्हाई

१

त्या रविवारी पानसुद्धा हलत नव्हतं. चार दिवस अवकाळी पाऊस लागून गेलेला, कापलेलं भात खाचरांत आडवं पडलेलं, आणि त्या भिजल्या भातातून वाफ निघत होती. आभाळ निवळलं होतं, पण ऊन पिवळट, आजाऱ्याच्या तोंडासारखं. रिहे गावाच्या बाजूचा डोंगर धुतल्यासारखा जवळ आला होता. एरवी तो इतका जवळ दिसत नाही.

कोंडिबा न्याहारी करून रोजच्यासारखा फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये येऊन बसला. वय पंच्याहत्तरच्या पुढचं, नेमकं त्यालाही ठाऊक नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं गुरांमागं फिरला, आणि गुरं विकली तेव्हापासून फाट्यावर बसायला लागला. वाडीतली अर्धी घरं आता कुलपात. पोरं शहराकडं, कुणी बावधनला, कुणी नांद्याला, जिथं नोकरी तिथं. त्याचा दयानंदही बावधनलाच, फ्लॅटमध्ये. घरात कोंडिबा आणि त्याची तुळजाबाई. पन्नास वर्षं एका चुलीपुढं बसलेल्या दोघांत दिवसभर बोलायला उरतं तरी काय? म्हणून फाटा. गाडीवाले थांबायचे, रस्ता विचारायचे, आणि तेवढ्यापुरतं कोंडिबाला माणसांत असल्यासारखं वाटायचं. तो घाई करायचा नाही. कुठल्या वळणावर आंबा, कुठं मोरी, कुठलं कुत्रं अंगावर येतं, सगळं सावकाश सांगायचा.

पांढरी मोटार थांबली. चौघं होती. मोजायची त्याची सवयच. गुरं नेताना मोजायची, आणताना मोजायची, तशी माणसंही आपोआप मोजली जायची. चालवणारा चष्मेवाला तरुण, शेजारी त्याची बायको, मागं एक लहान मुलगी आणि एक म्हातारी. म्हातारीच्या डोक्यावर पांढरा पदर, हातात काठी.

“बाबा, अण्णासाहेबनगर कुठे आलं? प्लॉट बघायचाय.”

“आसलं गाव न्हाई हितं.”

“नाही कसं? हे बघा ना.” तरुणानं कॉम्प्युटरवरून छापून आणलेला कागद पुढं केला. कोंडिबाला अक्षर लागत नव्हतं. हिरव्या रंगावर एक तांबडा थेंब तेवढा दिसला. “ओढा ओलांडून डावीकडे, असं दाखवलंय.”

कोंडिबा दात कोरत होता, ती काडी तशीच राहिली.

“ओढ्यापल्याड? तितं काय न्हाई, सायेब.”

“नकाशात आहे म्हणजे आहेच, बाबा.” तरुण हसला.

“निषाद, जाऊ दे ना,” बायको म्हणाली. “नवीन नाव आहे, त्यांना नसेल माहीत.”

म्हातारीनं मागची काच खाली घेतली. तिच्या बोलण्याला वऱ्हाडाकडचा हेल होता. “भात भिजला हो तुमचा सगळा, दादा. आमच्याकडे कापूस बी असाच भिजला.” मग तिनं पिशवीत हात घालून एक खोबऱ्याची वडी काढली. “घ्या. घरची आहे. या गाडीत गोड कोणी खातच नाही.”

कोंडिबानं वडी घेतली. किती दिवसांनी कुणी त्याला भातापाण्याचं विचारलं होतं. मोटार ओढ्याच्या रस्त्याला लागली तरी तो त्या बाजूला बघतच राहिला.

२

हे नाव कुठून आलं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ठेवलं तेव्हा तो तिथंच होता.

वाडीला सगळे आपले खालची वाडी म्हणायचे. निवडणुकीच्या वर्षी वाडीचे पुढारी दादासाहेब यांच्या मनात आलं, की वाडीला आपल्या वडलांचं नाव पाहिजे, अण्णासाहेबनगर. विरोधी पार्टीच्या विश्रामच्या माणसांनी लगेच काढलं, की नाव द्यायचं तर देवाचं द्या, भैरवनगर. आधी पाट्या झाल्या. एकानं लावायची, दुसऱ्यानं डांबर फासायचं. मग भांडण कॉम्प्युटरवर गेलं. दादासाहेबांचा पुतण्या पियूष हिंजवडीला कामाला. त्यानं नकाशावर अण्णासाहेबनगर लिहिलं. विश्रामकडच्या पोरांनी ते पुसून भैरवनगर केलं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं.

“खड्डा खणाया नगं, डांबार नगं,” कुशाबा म्हणायचा. “घरबसल्या मारामारी. लई सोय झाली बघ.” कुशाबा म्हणजे कोंडिबाचा शेजारी. पाय अधू, दिवसभर ओट्यावर बसून, पण तोंड धडधाकट.

शेवटी देवळात बैठक बसली आणि तोड निघाली. वाडीला भैरवनगर, आणि अण्णासाहेबनगर ओढ्यापल्याड, जिथं दादासाहेब पुढंमागं प्लॉट पाडणार होते. दोघांचाही मान राहिला. पियूषनं मांडीवर लॅपटॉप उघडला.

“ओढ्यापल्याडच्या जागेला आधीचं काही नाव आहे का? असलं तर आत्ताच सांगा.”

सगळ्यांनी कोंडिबाकडं पाहिलं. रान त्याच्याइतकं कुणी तुडवलेलं नव्हतं.

आता खालच्या वाडीत प्रत्येक तुकड्याला नाव. मोरीचं खाचर, जांभळीची पट्टी, बायजीचा माळ. एकेका धोंड्यालासुद्धा नाव. ओढ्यापल्याडच्या त्या खोलगट जागेला मात्र नाही. ते विसरून राहिलेलं नव्हतं, ठेवायचं नाही म्हणून ठेवलेलं नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर हनुवटी त्या अंगाला करायची. एखादं जनावर तिकडं गेलं तर अलीकडच्या काठावर उभं राहायचं, हाक मारायची नाही. आपणहून आलं तर आपलं. आणि परक्यानं विचारलं तर एकच उत्तर द्यायचं. कोंडिबाच्या बापानं तेच दिलं, आज्यानं तेच दिलं. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

“काय न्हाई तितं,” कोंडिबा म्हणाला.

“मग तर सोपंच आहे,” पियूष म्हणाला, आणि त्यानं बोट दाबलं.

पोरांनी उचलून आणून बसवलेल्या कुशाबाचा हात तंबाखू मळता मळता थांबला. कोंडिबाच्या लक्षात आलं ते. पण तोवर लोक उठले होते, चहा आला होता.

३

पांढरी मोटार दोन तासांनी परत आली. शेडपाशी हळू झाली.

“बरोबर होतं बाबा तुमचं!” तरुण खिडकीतून म्हणाला. “काही नाहीये तिथे. नुसतं गवत.”

कोंडिबानं मोजली. तीन. मुलीपासून सुरुवात करून परत मोजली. तीनच.

“म्हातारी कुटं हाय?”

“कोण?”

“मागं बसली व्हती की. वडी दिली मला. तुमची आई का सासू, कोन ती?”

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. म्हाताऱ्या माणसांकडं बघून हसतात तसं दोघं हसली. “आम्ही तिघंच आलो, बाबा. मला आई नाही.”

“कवा वारली?”

“म्हणजे…” तरुण थांबला. दाढेत काही अडकल्यासारखी त्यानं जीभ फिरवली. “लहानपणीच असेल. नाही आठवत.”

मागची अख्खी सीट रिकामी होती, आणि मुलगी मात्र दाराला चिकटून बसली होती. शेजारी कुणाला तरी जागा ठेवून बसावं तशी.

“अय्या, ही काठी कुणाची?” बायको मागं वळली होती. “बाबा, तुमची आहे का हो? आमच्या गाडीत कशी आली?” आणि तिनं ती काठी काचेतून बाहेर दिली. कोंडिबानं घेतली. दुसरं काय करणार? मूठ हातानं झिजून गुळगुळीत झालेली होती.

मोटार गेली. कोंडिबानं बंडीचा खिसा चाचपला. वडी होती.

४

डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय, हे त्याला माहीत होतं. एखाद्या वेळी म्हातारी वाटेत उतरली असेल. पण उतरून जाईल कुठं? त्या रस्त्याला घर नाही, आणि रस्ता तो एकच. मग आपणच कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतली म्हातारी या गाडीत बसवली असेल. वय झालं की होतं असं. घरी जाईपर्यंत कोंडिबानं स्वतःची चांगली समजूत घातली होती. काठी तेवढी त्या समजुतीत बसत नव्हती.

काठी तुळजाबाईनं घरात घेऊ दिली नाही. कुडाला बाहेरून टेकवायला लावली. मग तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मलाच भास झाला आसल,” कोंडिबा म्हणाला.

“वडी काय भासानं दिली व्हय?” तुळजाबाईनं वडी देवापुढं ठेवली. बराच वेळ चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली. “नाव काय म्हनली ती?”

“इचारलं न्हाई.”

“मंग आता तिला जगात वळखनारं तुमी येक. आनि तुमी सांगितली म्हून मी. बाकी पोटच्या पोराला बी ठावं न्हाई.”

त्यानंतर तुळजाबाईला एक खोडच लागली. भाकरी ताटात वाढता वाढता मधेच म्हणायची, “जेवली आसल का वो ती?” कोंडिबा ताट पुढं ओढायचा.

बुधवारी मोटारसायकलवर दोघं गेले. परत एकच आला. डोक्यावर त्याचं हेल्मेट, आणि दुसरं हेल्मेट कोपरात अडकवलेलं. कोंडिबा रस्त्यात आडवा झाला. “तुजा जोडीदार?” गडी म्हणाला, “कसला जोडीदार, आजोबा? मी एकटाच फिरतो.” आणि शीळ घालत गेला.

गुरुवारी व्हॅनमधून पाच जण गेले आणि पाचही परत आले. कोंडिबाला इतकं हलकं वाटलं, की तो शेडमधून उठून पुढं गेला. चालक म्हणाला, “फरशीवर गाडी चढेना बाबा, चिखल लई. अलीकडनंच फिरलो.” ओढ्यावर दादासाहेबांनी सिमेंटची फरशी टाकून घेतली होती, तिच्याबद्दल तो बोलत होता.

म्हणजे अलीकडं काही होत नव्हतं.

आता कोंडिबा गाड्या थांबवून सांगायला लागला, जाऊ नका. पण कशाला जाऊ नका, ते त्याला सांगता येईना. एकानं हसून विचारलं, “विरोधी पार्टीचे का हो तुम्ही?”

५

शुक्रवारी तो दादासाहेबांच्या बंगल्यावर गेला. चपला पायरीखाली काढून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. पियूषही तिथंच होता.

“दादासाहेब, ते नाव तेवडं काढा.”

“कुटलं?”

कोंडिबानं हनुवटी ओढ्याच्या अंगाला केली.

दादासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. “कुणी पाठवलं रं तुला? विश्रामनं?”

“कुनी न्हाई. मानसं जात्यात तितं, समदी येत न्हाईत माघारी.”

“कोण आलं नाही? पोलिसांत कुणाची तक्रार आहे का?” पियूषनं विचारलं. पोरगं तसं मवाळ होतं, खुर्ची पुढं सरकवून त्यानं म्हाताऱ्याला बसवलं.

“तक्रार कोन करनार? घरच्यान्लाच आठवत न्हाई.”

दादासाहेब हसायला लागले. “आरं म्हाताऱ्या, भर बैठकीत तूच सांगितलंस, काय न्हाई तितं. आता काय हाय ते तरी सांग!”

कोंडिबानं तोंड उघडलं. काय होतं तिथं? ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

“काय हाय ते न्हाई सांगता येत. पर माजं बोलनं चुकलं. त्यादिशी मी गप ऱ्हायला पायजे हुतं.”

“नाव काढलं तर विश्रामचे लोक म्हणतील तोड मोडली,” पियूष म्हणाला. “पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल सगळं. हे बघा बाबा, भ्यायचं काही कारण नाही.” त्यानं लॅपटॉप वळवला. “हा वरून काढलेला फोटो आहे. रिकामी जागा आहे सगळी.”

कोंडिबा वाकून बघत राहिला. ओढा त्यानं ओळखला. पल्याडचं हिरवंही ओळखलं. त्या हिरव्यात बारीक काळे ठिपके होते.

“हे काय?”

“झुडपं असतील.”

“झुडपं अशी वळीनं न्हाई उगवत, लेकरा.”

पियूषनं चष्मा वर करून पाहिलं. मग म्हणाला, “हा फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे, बाबा,” आणि झाकण मिटलं.

शनिवारी दिवेलागणीला दयानंदचा फोन आला. त्यानंच घेऊन दिलेला मोबाईल. हिरवं बटण दाबायचं एवढंच कोंडिबाला यायचं.

“बाबा, उद्या येतोय आम्ही. सुलक्षणा, साहिल, सृष्टी, सगळे. एक गंमत आहे. तुमच्याजवळच प्लॉट बघितलाय. अण्णासाहेबनगर. घर बांधलं की तुम्ही दोघं एकटे नाही राहणार.”

दहा वर्षं त्यानं ज्या शब्दांची वाट पाहिली होती, तेच शब्द पोरगा बोलत होता.

“दया, तितं जाऊ नगंस. आदी घरी ये.”

“घरी येणारच की, जेवायला. आधी साईट, मग जेवण. पोरं दमायच्या आत जाऊन येतो.”

“आरं तितं काय… तितं नगं जाऊस. माजी आन हाय.”

“बाबा, त्या नावाच्या राजकारणात तुम्ही कशाला पडताय? कोण भरवतंय तुमच्या डोक्यात? बरं, आईला सांगा पिठलं कर म्हणून. बाराला निघतो.”

फोन बंद झाला. तुळजाबाई दारातच उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

“चौघं हायेत,” ती म्हणाली. “त्यातलं कंचं?”

६

रविवारी उजाडल्या उजाडल्या दोघं निघाली. दोघांच्या हातात एकेक कोयता. रात्रीत ठरलं होतं, की नाव पुसणं आपल्या हातात नाही, पण वाट बंद करणं आहे. तुळजाबाईनं निघायच्या आधी चूल पेटवून पिठल्याची तयारी करून ठेवली, लुगडं धुऊन पडवीत वाळत घातलं.

“नवरानवरी कुटं निघाली सकाळच्या पारी?” कुशाबानं ओट्यावरून हटकलं.

“तुला बायकू बगाया,” कोंडिबा म्हणाला.

“दोन पायांची बग, माजा तसाबी येक कमी पडतुया.”

तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग वाट ओढ्याकडं वळली.

ओढ्याच्या अलीकडं करवंदीच्या जाळ्या दाट होत्या, बोरीही होत्या. कोंडिबा तोडायचा, तुळजाबाई ओढून आणायची. फरशीच्या तोंडावर त्यांनी काटेरी फांद्यांचा छातीएवढा कूप रचत आणला. मोटार तर सोडाच, कुत्रंही गेलं नसतं. माणूस आडवा होऊन जाईल एवढी एक फट तेवढी शेवटी बुजवायची राहिली होती.

घाम पुसताना कोंडिबाच्या लक्षात आलं, की आपल्या कोयत्यांशिवाय कसलाच आवाज नाही. ओढा वाहत होता, पण वाजत नव्हता.

“आवं,” तुळजाबाई हळू म्हणाली. “गवत बगा.”

अलीकडचं सगळं गवत अवकाळीनं लोळलेलं होतं. पल्याडचं ताठ उभं होतं, कमरेएवढं. आणि त्या गवतात माणसं बसलेली होती. पाठमोरी. ओळीनं, पंगतीला बसतात तशी मांडी घालून, एकामागं एक ओळी. डोकी तेवढी दिसत होती. किती होत्या ओळी? कोंडिबा सवयीनं मोजायला लागला आणि त्यानं डोळे फिरवून घेतले.

“चल माघारी,” तो म्हणाला. “फट बुजवू आन् जाऊ.”

“ती बगा. कडंला.” शेवटच्या ओळीच्या टोकाला पांढरा पदर घेतलेलं एक डोकं होतं. “तीच ना?”

तीच होती. पाठीवरूनही कोंडिबानं ओळखलं. समोर ताट नाही, पत्रावळ नाही, नुसती वाट बघत बसली होती.

“आट दिस झालं,” तुळजाबाई म्हणाली. “कुनी इचारलं बी नसंल तिला.”

“तुळजे, हाक मारायची नसती.”

“हाक न्हाई मारत. फरशीवरनं नुसती दिसंन तिला. कुनीतरी आठवन ठिवून हाय, येवडं तरी कळू द्या बाईला. आपल्याला आसं बसवलं असतं मंजी?”

ती फटीतून आडवी झाली. पदर काट्याला अडकला, तो सोडवून घेतला आणि फरशीवर गेली. कोंडिबा तिच्या मागं गेला. जाणारच. फरशीवर त्यानं डाव्या हातानं तिचा हात धरला, मनगटाच्या वर, बांगड्यांसकट, घट्ट.

“सोडनार न्हाई मी,” तो म्हणाला.

“नका सोडू.”

टोकाच्या म्हातारीनं मान न वळवता शेजारच्या गवतावर हात फिरवला. जागा साफ करावी तसा. मग दोनदा थोपटलं.

फरशी दहा पावलांची होती. कोंडिबा मोजत होता. आठवं पाऊल. नववं.

७

कोंडिबा फटीतून अलीकडं आला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. त्यानं उरलेल्या फांद्या ओढल्या, फट नीट बुजवली, वरून एक धोंडा ठेवला. मागं सरून पाहिलं. कूप मजबूत झाला होता. या वयात एकट्यानं एवढं काम उरकलं, याचं त्याला बरं वाटलं. आता दयानंदची गाडी अलीकडूनच फिरेल. पोरं सुखरूप.

पल्याड पाहिलं. नुसतं गवत होतं. उगाच भ्यालो, असं त्याला वाटलं.

निघताना बघतो तर खाली दोन कोयते. दोन कशाला आणले होते? एकाची धार जाईल म्हणून आणला असेल दुसरा. दोन्ही काखेत मारून तो वाटेला लागला. डावा तळहात हुळहुळत होता. काटा असेल म्हणून त्यानं उन्हात धरून पाहिलं, तर हिरव्या काचेचा बारीक तुकडा रुतलेला. काढून टाकला. करवंदीच्या जाळीत काच कुठून आली, काही कळेना.

घरी आला तर दार नुसतं लोटलेलं. चुलीत विस्तव होता. बेसन कालवून ठेवलेलं, वर झाकण. कोंडिबा त्याकडं बघत उभा राहिला. सकाळी आपणच केलं असणार. पोरं जेवायला येणार म्हणून केलं असणार. मिरच्याही चिरून ठेवल्या होत्या, अगदी बारीक. इतक्या बारीक आपल्याला चिरता येतात, हे त्याला नवीनच होतं. तशी सवय होतीच म्हणा. दयानंदला एकट्यानंच वाढवलं. त्याची आई लहानपणीच गेली असेल. नीटसं आठवत नव्हतं. म्हातारपण, दुसरं काय.

घर आज मोठं वाटत होतं. आपला खोकलासुद्धा भिंतीला लागून परत येत होता. एवढ्या मोठ्या घरात एवढी वर्षं एकटा कसा राहिलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला पोराचं बोलणं आठवलं, की आता तुम्ही एकटे नाही राहणार. तुम्ही दोघं, असं काहीसं म्हणाला होता तो. दोघं म्हणजे कोण, हे कोंडिबाला लागेना. नातवंडं म्हणायची असतील त्याला.

पाणी प्यायला माठाकडं गेला. माठावर दोन तांबे पालथे होते.

तांब्यानं पाणी पिऊन तो पडवीत आला. दोरीवर एक लुगडं वाळत होतं. हिरवं, नऊवारी, काठाला दोन ठिकाणी नेटकं शिवलेलं. त्यानं हात लावून पाहिलं. वाळलं होतं. कुणाचं तरी वाऱ्यानं उडून आलं असणार. त्यानं अंगणातल्या चिंचेकडं पाहिलं. पान हलत नव्हतं. सकाळपासून वारा नव्हता.

का कोण जाणे, ते लुगडं दोरीवर राहू द्यावं असं त्याला वाटलं, आणि राहू देऊ नये असंही वाटलं. शेवटी त्यानं ते काढलं. घडी घालायला गेला तर हात आपोआप लांब झाले, दुसरं टोक धरायला समोर कुणी तरी असावं तसे. मग त्यानं ते कसंबसं गुंडाळलं. छातीशी धरल्यावर त्याला धुराचा आणि शिकेकाईचा वास आला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कशाचं ते कळलं नाही. मोतीबिंदूनं येतं असं पाणी. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

फाट्याकडून मोटारीचा आवाज आला. दयानंदची असेल. ओढ्याकडं वळला, थांबला, आणि आता परत फिरून वाडीकडं येत होता. कूप कामाला आला होता. कोंडिबाला हसू आलं. पोरं दोन मिनिटांत अंगणात असतील. परक्याची वस्तू घरात नको, म्हणून तो घाईनं शेजारच्या ओट्यापाशी गेला.

“कुशाबा, हे लुगडं तुमच्या घरचं हाय का रं? माज्या दोरीवर आलं व्हतं.”

कुशाबानं लुगड्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं, आणि चेष्टा करतोय असं समजून मोठ्यांदा हसला.

“आरं येड्या, वैनीचं न्हवं का ते? सकाळी माज्यासमोर तर वाळत घातलं तिनं. दोघं गेला, आन् आलास येकला. मागं ऱ्हायली व्हय कुटं? पोरगा आला बग दारात, आल्या आल्या आई कुटं म्हनंल. जा, हाक मारून आन तिला.”